दस्ता बदलायचाय

माझे मामा सातारचे. फौजेत ईएमईमध्ये आर्मरर होते. नोकरीभर दुसऱ्यांच्या रायफली खोलल्या, पुसल्या, जुळवल्या. सध्या ते माझ्याकडे कोलोराडोत आलेत. मी इथे पवनचक्कीची पाती बनवणाऱ्या कारखान्यात काम करते, म्हणजे काचतंतू, कार्बन आणि इपॉक्सी यांतच माझा दिवस जातो. ऑक्टोबरात एल्कच्या रायफलीनं करायच्या शिकारीचा हंगाम सुरू होईल. एल्क म्हणजे सांबरापेक्षाही थोराड जनावर, मोठा नर तीनशे किलोंच्या वर भरतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार थांबली आणि ते योग्यच झालं. इथे मात्र दर हंगामाला किती परवाने द्यायचे ते राज्याचं वन्यजीव खातं ठरवतं आणि मारलेल्या जनावराचं खाण्याजोगं मांस टाकून देणं हा गुन्हा आहे. आमच्या घरात ते मांस वर्षभर पुरतं.

माझी रायफल रेमिंग्टन ७००, काडतूस .३०-०६, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकानं तिला कुठला तरी स्वस्तातला प्लास्टिकचा दस्ता चढवलाय. तो बदलायचाय आणि नवा सिंथेटिकच घ्यायचा हे मी ठरवलंय. कुठला, यावर मामांचं आणि माझं जमेना. दुकानात गेलं की बोलणं रंगावर आणि वजनावर येऊन थांबतं. मामांनी बोट ठेवलं ते त्याच्या आत कुठेतरी, म्हणून आमचं बोलणं इथे मांडते आहे.

एक खुलासा आधीच करते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, बंदूक बाळगता येत नाही. त्यामुळे खोलाखोली मी केली आणि मामा टेबलाच्या पलीकडून सांगत राहिले. दस्ता मात्र त्यांना बिनदिक्कत हाताळता आला. कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे नंबर कोरलेला रिसीव्हर. दस्ता हा नुसता सुटा भाग, तो टपालानं घरपोच येतो.

मामा : लाकूडच का नको तुला, ते आधी सांग.

मी : पाण्यामुळे, मामा. इथे ऑक्टोबरात सकाळी बर्फ, दुपारी ऊन आणि संध्याकाळी पाऊस असं एका दिवसात होतं. अमेरिकेच्या मरीन दलानं १९६६ मध्ये हीच रेमिंग्टन ७०० स्नायपर रायफल म्हणून घेतली, एम-४० नावानं, अक्रोडाच्या दस्त्यासकट. व्हिएतनामच्या दमट हवेत ते लाकूड फुगायचं, नळीला टेकायचं आणि नेम सरकायचा. पुढे १९७० च्या दशकात तिची एम-४०ए१ झाली, तेव्हा मॅकमिलनचा फायबरग्लासचा दस्ता आला.

मामा : लाकूड पाणी पितं हे तू मला सांगतेस? पावसाळा सरला की वर्कशॉपला आलेल्या रायफलींचं आधी लाकूड बघायचो आम्ही. जवसाचं तेल चोळून चोळून हाताचा वास जायचा नाही. पण लाकूड बिघडलं की दिसतं गं. फुगलं, चिरलं, डोळ्याला कळतं. इशापूरच्या थ्री-नॉट-थ्रीत पुढच्या लाकडातून एक आडवा स्क्रू गेलेला असतो, लाकूड फाकू नये म्हणून. म्हणजे ते कुठे दगा देणार हे बनवणाऱ्यालाही ठाऊक होतं. तुझं प्लास्टिक कुठे दगा देतं, ते दाखव मला.

दाखवायला वेळ लागला नाही. बोल्ट काढला, चेंबर डोळ्यांनी आणि बोटानं तपासला. मग एक डॉलरची नोट दुमडून नळी आणि दस्ता यांच्यामधल्या फटीत सरकवली. नोट टोकापासून रिसीव्हरपर्यंत बिनअडथळा गेली. मामांनी मान हलवली. त्यांच्या सांगण्यावरून मी पुढचा बायपॉड उघडला, रायफल टेबलावर ठेवली आणि जमिनीवर पालथं पडून नेम धरताना खांद्यानं जसा रेटा देते तसा दिला. नोट अडकली. दस्त्याचं पुढचं टोक वाकून नळीला उजवीकडून चिकटलं होतं. मग दोन्ही स्क्रू सोडवून अ‍ॅक्शन, म्हणजे नळीसकट रिसीव्हर, वर उचलली. खोबणीच्या उजव्या काठावर घासल्याची काळपट रेघ होती आणि पुढच्या स्क्रूच्या भोकाभोवती प्लास्टिक दबून चकचकीत कडं पडलं होतं.

मामा : हे कडं बघ. स्क्रू आवळला की प्लास्टिक दबतं. दबलं की स्क्रू सैल. सैल झाला की तू परत आवळतेस. कधी थांबणार हे?

मी : हा इंजेक्शन मोल्डिंगचा दस्ता. वितळलेल्या नायलॉनमध्ये काचेचे बारीक तुकडे मिसळायचे आणि दाबानं पोलादी साच्यात सोडायचे. आतून पोकळ, मधे नुसत्या फासळ्या. मिनिटभरात एक तयार होतो, म्हणून शंभर-दीडशे डॉलरला मिळतो. आणि खरं सांगायचं तर नायलॉनही थोडं पाणी पितंच. लाकडाइतकं नाही, पण ‘सिंथेटिक म्हणजे पाण्याची चिंता मिटली’ असं दुकानदार म्हणतो, ते सगळ्याच सिंथेटिकला लागू नाही. इपॉक्सीतला फायबरग्लास या बाबतीत कितीतरी उजवा.

मामा : मग प्लास्टिक वाईटच म्हण की.

मी : तसंही नाही. रेमिंग्टननंच १९५९ मध्ये नायलॉन ६६ नावाची .२२ ची रायफल काढली. ड्यूपाँटच्या झायटेल नायलॉनचा दस्ता होता तिला. दहा लाखांहून जास्त खपल्या, आणि कितीतरी अजून चालतात. पण .२२ ला धक्का तो केवढा? आणि ती रायफल मुळापासून नायलॉन धरूनच आखलेली होती. इथे .३०-०६ चा पोलादी रिसीव्हर उचलून प्लास्टिकच्या पोकळीत ठेवलाय.

माझ्या मते दस्त्याचं सगळं काम या एका वाक्यात आलं. रायफल म्हणजे नळी आणि रिसीव्हर. गोळी सुटते तेव्हा तो पोलादाचा गोळा मागे धावतो, आणि त्याला थोपवणारा एकच भाग असतो, रिकॉइल लग. रेमिंग्टन ७०० मध्ये ती नळी आणि रिसीव्हर यांच्यामध्ये धरलेली जाड पट्टी आहे. तिची मागची बाजू दस्त्यातल्या ज्या भिंतीला टेकते, ती भिंत दर गोळीला तिथल्या तिथे राहिली तर नेम राहतो. भिंत मऊ असेल, स्क्रूखालची जागा दबत असेल किंवा पुढचं टोक वाकून नळीला लागत असेल, तर भारीतली भारी दुर्बीण बसवूनही उपयोग नाही. एल्कच्या बाबतीत चार इंच सरकलेली गोळी म्हणजे जखमी जनावर आणि रक्ताचा माग काढत अंधारात फिरणं. हे मी सहज लिहीत नाही. ज्याला हे नको असेल त्यानं दस्त्याकडे शोभेची वस्तू म्हणून बघू नये.

मामा : मग अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा घातलेला घे. दुकानातला तो मुलगा दाखवत होता ना.

मी : ते दोन-तीन प्रकारचे मिळतात. मॅगपुलचा हंटर हा पॉलिमरचाच, पण रिसीव्हर बसतो तिथे अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा. कॅन्ससमधल्या डॉज सिटीचे बेल अँड कार्लसन आणि साउथ डकोटातल्या रॅपिड सिटीचे एच-एस प्रिसिजन फायबरग्लासमध्ये ठोकळा घालतात. एच-एसचा ठोकळा तर दस्त्याच्या पुढच्या भागातही जातो, म्हणून त्यांचं पुढचं टोक वाकत नाही. स्क्रू धातूवर आवळला जातो, दबायचा प्रश्न मिटला.

मामा : मिटला कसा? ठोकळा यंत्रावर कापलेला, सगळे एकसारखे. रिसीव्हर कापला त्याच मापात, पण नंतर कुणीतरी पॉलिश केलेला. दोन गोल गोष्टी एकमेकींत बसतात असं वाटतं, आणि टेकतात तीन ठिकाणी. स्क्रू आवळलास की रिसीव्हर धनुष्यासारखा ताणला जातो. तुला दिसणार नाही, गोळीला कळेल.

याची परीक्षा सोपी आहे, आणि विकत घेण्याआधी नाही तरी घेतल्यावर प्रत्येकानं ती करावी. चुंबकाच्या पायाचा डायल गेज नळीवर लावायचा, त्याची सुई दस्त्याच्या टोकावर टेकवायची आणि पुढचा स्क्रू हळूहळू सोडायचा. सुई इंचाच्या दोन-तीन हजारांशांहून जास्त हलली, तर स्क्रू रिसीव्हरला ओढून धरत होता असं समजायचं. मामांनी हा गेज वापरलेला नव्हता. ते अंगठा नळी आणि लाकूड यांच्या सांध्यावर ठेवून स्क्रू सोडायचे आणि बोटाला हालचाल जाणवते का बघायचे. आम्ही दोन्ही करून पाहिलं. माझ्या जुन्या दस्त्यावर गेजची गरजच पडली नाही; नुसत्या अंगठ्याखाली हालचाल कळत होती.

मी : मग ठोकळ्यावर इपॉक्सीचा पातळ थर द्यायचा. रिसीव्हरला रिलीज एजंट लावायचा, लगच्या पुढे, बाजूंना आणि खाली टेप चिकटवायची, म्हणजे फक्त मागची बाजू टेकेल. मग रिसीव्हर त्यात बसवून इपॉक्सी सुकू द्यायचं. रिसीव्हरचा हुबेहूब ठसा उठतो.

मामा : हां. हे बोललीस. मग इपॉक्सीच ओतायचं आहे तर ठोकळ्याचं वजन कशाला वाहतेस? स्क्रूच्या जागी दोन धातूच्या नळ्या घाल, बाकी इपॉक्सी.

मी : मी तेच म्हणते आहे मघापासून! हातानं थर लावलेला फायबरग्लासचा दस्ता, स्क्रूच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचे पिलर आणि वर इपॉक्सीचं बेडिंग. तुम्ही चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या बघता ना, त्यांची पाती याच मालाची. काचेचं कापड साच्यात थरावर थर ठेवायचं, इपॉक्सीत भिजवायचं. दोन अर्धे तयार झाले की जोडायचे. तंतू लांब, अखंड आणि मला हव्या त्या दिशेला. नायलॉनमध्ये ते तुकडे तुकडे, प्रवाह नेईल तिकडे वळलेले.

मामा : आणि कार्बन?

मी : कार्बन आणखी ताठ, आणखी हलका. पण हातात घेऊन बघा, मग बोलू.

दुकानात त्यांनी घेऊन पाहिला. कार्बनचा दस्ता पाऊण किलोच्या आसपास, पॉलिमर आणि ठोकळ्याचा सव्वा किलोच्या वर. मामांनी दोन्ही बोटाच्या पेरानं वाजवून पाहिले. पोकळ प्लास्टिकचा डबडब आवाज त्यांना मुळीच आवडला नाही आणि त्यांचं बरोबर होतं. फांदी घासली की तो दस्ता वाजतो, आणि एल्कचे कान तिखट असतात. फोम भरलेला फायबरग्लास जवळजवळ लाकडासारखा मुका होता. संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमची चासी मात्र त्यांनी नुसती बघून परत ठेवली. मीही ठेवली असती. बर्फात पहाटे गालाला आणि उघड्या बोटांना अ‍ॅल्युमिनियम लागलं की हात आखडतात. निशाणेबाजीच्या मैदानावर चासी उत्तम, पण डोंगर चढून मागावर जाणाऱ्याला तिचं वजन आणि गारठा दोन्ही जड जातात.

वजनावर मात्र खरी जुंपली.

मी : मामा, मी नऊ-दहा हजार फुटांवर चढते. पाठीवर तंबू, पाणी, अन्न. अर्धा किलो वाचला तर संध्याकाळी कळतं.

मामा : आणि धाप लागलेली असताना नेम धरशील तेव्हा तो अर्धा किलो तुला हवाय. हलकी रायफल हृदयाच्या ठोक्यावर नाचते. जड रायफल बसते. आणि खांद्याचं काय?

खांद्याचं गणित मी त्यांना मांडून दाखवलं, आणि ते माझ्याच विरुद्ध गेलं. काडतूस तेच, गोळी तीच, तर रायफलीला मिळणारा संवेग तोच राहतो. धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. रायफलीचं वजन एक पंचमांशानं घटवलं तर खांद्यावर येणारी ऊर्जा एक चतुर्थांशानं वाढते. .३०-०६ मध्ये १८० ग्रेनची गोळी घातली तर चार किलोंच्या आतबाहेरच्या रायफलीचाही धक्का चांगलाच जाणवतो. कार्बनच्या जाहिरातीत हा अर्धा भाग छापलेला नसतो. धक्क्याची भीती बसली की माणूस चाप ओढण्याआधीच अंग चोरतो आणि मग दस्ता कितीही ताठ असून फायदा नाही. तरीही माझं मत बदललं नाही. मी वर्षाकाठी एल्कवर एखादीच गोळी झाडते, आणि रायफल वाहते दिवसचे दिवस. मामांचं म्हणणं असं की त्या एका गोळीसाठीच तर एवढं वाहतेस.

मापाबद्दल मात्र त्यांनी मला असं काही सांगितलं, जे कुठल्याच दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

मामा : तुझा हात आखूड आहे. हा दस्ता तुझ्या मापाचा नाही. चाप गाठायला मान पुढे काढतेस तू, मघाशी पाहिलं मी.

मी : इथे सगळे साडेतेरा-पावणेचौदा इंचांचे येतात. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत.

मामा : इंग्रजांनी थ्री-नॉट-थ्रीचे दस्ते चार मापांत काढले होते. बँटम, शॉर्ट, नॉर्मल, लाँग. अर्ध्या-अर्ध्या इंचाचा फरक. दस्त्यावर बी, एस, एल असे शिक्के. नॉर्मलवर काही नाही. शेकडो मैलांवर कारखाना, समोर दहा हजार जवान, तरी त्यांना कळत होतं की सगळ्यांचे हात सारखे नसतात. तू तर एकटीसाठी घेतेस. आणि ते जाड जाकीट घालून माप घे. शर्टावर घेशील तर पुन्हा चुकेल.

जाकीट घालून माप घेतलं. साडेबारा इंच. दुर्बिणीच्या उंचीचाही तसाच हिशेब निघाला: जुन्या दस्त्यावर गाल टेकला की डोळा दुर्बिणीच्या खाली राहायचा, म्हणून मी हनुवटी टेकवून बघत होते आणि धक्क्याला गालाऐवजी जबडा पुढे येत होता. लोक धक्का कमी करायला जाडजूड रबरी पॅड घेतात. त्यातल्या अनेकांना फक्त लांबी आणि गालाची उंची नीट करून हवी असते. उंच माणसांसाठी आखलेलं माप बायका आणि मुलं निमूटपणे वापरत राहतात, याचा मला राग आहे. मॅगपुलच्या हंटरला मागे स्पेसर घालून-काढून लांबी बदलता येते आणि गालाखालचा भागही उंच करता येतो. ज्यांच्या घरात एक रायफल दोघं वापरतात त्यांनी तोच घ्यावा असं मी बेधडक सांगेन. तीनेकशे डॉलरमध्ये तेवढं देणारा दुसरा मी पाहिला नाही.

मला मापानं बनवून हवा होता. तसा बनवून देणारे ऑर्डरच्या अर्जातच सगळं विचारतात: अ‍ॅक्शन लांब की आखूड, नळीची जाडी कुठली, लांबी किती, पॅड कुठला. .३०-०६ म्हणजे लांब अ‍ॅक्शन. नळी बारीक, स्पोर्टर. इथे चूक झाली तर फायबरग्लासमध्ये खोबण खरवडत बसावं लागतं, किंवा नळीभोवती मोठी फट राहून त्यात बर्फ भरतो. आणखी एक निर्णय खालच्या बाजूचा. माझी रायफल एडीएल आहे, म्हणजे मॅगझिनला खालून दार नाही. काडतुसं काढायची तर एकेक वरून. बीडीएलच्या दस्त्याला खालून उघडणारी झडप असते, पण तिचं धातूकाम वेगळं घ्यावं लागतं आणि पुढच्या स्क्रूची लांबीही बदलते. कितीजण दस्ता घरी आल्यावर हे शोधतात! मी बीडीएल करून घेते आहे. गाडीत बसण्याआधी थिजलेल्या बोटांनी रायफल रिकामी करायची तर झडप सोयीची.

मामा : पैसे किती गेले?

मी : कार्बनचा घेतला असता तर हजाराच्या पुढे. फायबरग्लास सातशेच्या घरात. उरलेल्यात बेडिंगचं इपॉक्सी, टॉर्क रेंच आणि काडतुसं.

मामा : काडतुसं जास्त घे.

बेडिंग आम्ही दस्ता आल्यावर करू. मामांनी यादी आधीच लिहून ठेवली आहे, आणि ती मी जशीच्या तशी पाळणार. बोल्ट पूर्ण बंद केल्यावर त्याची मूठ दस्त्याला कुठेही लागता कामा नये. सेफ्टी पुढे-मागे मोकळी फिरली पाहिजे, चापाच्या पेटीला कड घासता कामा नये. दोन्ही स्क्रू आवळल्यावर मॅगझिनची पेटी बोटानं किंचित वरखाली हलली पाहिजे; घट्ट बसली असेल तर स्क्रू रिसीव्हरऐवजी पेटीला ओढतोय. पिलरवर बसलेल्या स्क्रूला ६५ इंच-पाउंडांच्या आसपास, आधी पुढचा, मग मागचा. पण दस्ता बनवणाऱ्यानं वेगळा आकडा दिला असेल तर त्याचाच. मग मैदानावर नव्यानं झिरो, म्हणजे दुर्बीण आणि गोळी यांचा मेळ, कारण दस्ता बदलला की जुना झिरो गेला. तोही बाकावर बसून नव्हे, तर ज्या जाकिटात आणि ज्या बायपॉडवर शिकारीत नेम धरणार त्यावर, आणि थंड नळीची पहिली गोळी कुठे जाते ते वहीत वेगळं लिहून. एल्कला दुसरी गोळी मिळेलच असं नाही.

वजनाचा निकाल लागला नाही. मामांनी मधल्या भरणीचा, म्हणजे थोडा जड फोम घातलेला दस्ता सुचवला. मी हलकी भरणी मागवली आहे. बेडिंगच्या दिवशी ते पुन्हा हा विषय काढणार हे मला माहीत आहे, आणि माझं उत्तर तेच असणार: डोंगर तुम्ही चढून दाखवा, मग बोला. त्यावर त्यांचं उत्तरही तयार आहे. ते म्हणतात, वजन कमी करायचंय ना, मग तंबू हलका घे.